टपालाने आलेली इस्लाह

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची एक जुनी रीत आहे. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. नवा कवी, म्हणजे शागीर्द, आपली गझल उस्तादापुढे ठेवतो. उस्ताद कुठे एखादा शब्द बदलतो, कुठे वजन ढळले ते दाखवतो, कुठे अख्खा शेर खोडतो आणि कुठे नुसती खूण करून ठेवतो. काय चुकले ते शागिर्दाने आपले आपण शोधायचे. या कामासाठी दोघांनी समोरासमोर बसलेच पाहिजे असे नव्हते. मिर्झा गालिब दिल्लीत बसून शागिर्दांच्या गझला टपालाने तपासून पाठवीत. त्यांचे एक आवडते शागीर्द मुन्शी हरगोपाल 'तफ्ता'. त्यांना गालिबने लिहिलेली पत्रे आजही उर्दू गद्याचा नमुना म्हणून वाचली जातात. पुढे दाग देहलवी हैदराबादला निजामाचे उस्ताद झाले, तेव्हा त्यांच्याकडे कुठून कुठून लिफाफे येत. पंजाबातून एक तरुण गझला पाठवीत असे, त्याचे नाव इक्बाल. थोड्याच दिवसांत दागनी त्याला कळवले की आता दुरुस्त करण्यासारखे फारसे उरलेले नाही. दाग १९०५ मध्ये हैदराबादेत वारले. आमचा बीड जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला.

आजच्या भाषणाचा विषय संगणकाचा आहे आणि हा माणूस गालिब-दाग काय सांगतोय, असे तुम्हाला वाटेल. पण मी बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. नवी गोष्ट समजून घ्यायची तर जुन्या गोष्टीचे बोट धरावे लागते. गेली तीनेक वर्षे माझ्या घरात टपालाने येणारी इस्लाह चालू आहे. फक्त ती कवितेची नाही, संगणकाच्या प्रोग्रामची आहे, आणि लिफाफ्याच्या जागी इंटरनेट आहे.

आधी थोडे 'मुक्त सॉफ्टवेअर' या प्रकाराबद्दल सांगतो. ज्याला इंग्रजीत ओपन सोर्स म्हणतात तेच. आपण बाजारातून सॉफ्टवेअर घेतो तेव्हा ते आतून कसे लिहिले आहे ते आपल्याला दिसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आतला सगळा मजकूर उघडा असतो. कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची जाहीर मांडणी केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर लिहीत असलेल्या एका प्रणालीबद्दल लोकांना कळवले आणि त्यांची मते मागितली. तीच पुढे लिनक्स झाली. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तीच आहे. म्हणजे या साऱ्या उद्योगाच्या मुळाशीच एक विद्यार्थी आहे.

आता जे घर सगळ्यांनी मिळून बांधायचे तिथे नवा गवंडी तयार कसा होणार? कॉलेजात पोरे प्रोग्राम लिहायला शिकतात, ते परीक्षेपुरते. पेपर झाला की वही रद्दीत. दुसऱ्याने लिहिलेला, हजारो ओळींचा, चालू वापरातला प्रोग्राम वाचायचा आणि त्यात आपली एक ओळ अशी घालायची की बाकीचे काही ढासळू नये, हे कॉलेज शिकवत नाही. ते जुन्या माणसाच्या हाताखालीच शिकावे लागते. गूगल कंपनीने २००५ मध्ये यासाठी एक उन्हाळी कार्यक्रम सुरू केला, 'समर ऑफ कोड' नावाचा. मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्था आपापली कामे जाहीर करतात, मुले अर्ज करतात, निवडलेल्या मुलाला एक मार्गदर्शक मिळतो आणि काम पसंत पडले की मानधन. मार्गदर्शक मात्र स्वयंसेवक असतात. पहिल्या वर्षी चारशेच्या आसपास मुले होती. आजवर वीस हजारांहून जास्त जणांनी हा उन्हाळा काढला आहे आणि त्यात भारतातली मुले फार मोठ्या संख्येने आहेत. २०२२ पासून तर विद्यार्थीच असले पाहिजे अशी अटही उरली नाही. वय अठरा हवे आणि या कामात नवखे असावे, एवढे पुरते.

पण एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्या पवईच्या आयआयटीत 'फॉसी' नावाचा प्रकल्प आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालतो. शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअर, हे त्याचे काम. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो वाढवला. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत सोडवलेली उदाहरणे असतात. देशभरच्या कॉलेजांतल्या मुलांनी एकेक पुस्तक घ्यायचे, त्यातली सगळी उदाहरणे 'सायलॅब' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सोडवायची, ती तपासून घ्यायची आणि सर्वांसाठी खुली ठेवायची. मुलाला त्याचे मानधन. अशी शेकडो पुस्तके तयार झाली. महागडे सॉफ्टवेअर ज्या कॉलेजला परवडत नाही, तिथल्या मुलाला ती आज फुकट मिळतात, आणि ती केलीत त्याच्यासारख्याच मुलांनी. फॉसीची उन्हाळी फेलोशिपही आहे. तिथे निवड होते ती आधी दिलेले एखादे काम करून दाखवल्यावर.

मौद्गल्य सरांचाच दुसरा प्रकल्प 'स्पोकन ट्युटोरिअल'. दहाएक मिनिटांचे धडे, बोलून आणि पडद्यावर करून दाखवलेले. मराठीसकट अनेक भारतीय भाषांत त्यांचे आवाज भरले आहेत. यातल्या दोन गोष्टी मला, एक भाषेचा माणूस म्हणून, बोलाव्याशा वाटतात. पहिली अशी की धड्याचा मजकूर तयार झाला की तो विषयातला जाणकार तर तपासतोच, पण ज्याला त्यातले काही येत नाही अशा नवख्यालाही मुद्दाम दाखवतात. नवखा अडला की मजकूर बदलायचा. मराठी साहित्यसमीक्षेत ही पद्धत आली तर काय बहार होईल! दुसरी गोष्ट अशी की आवाज मराठी असला तरी पडद्यावरची अक्षरे ते इंग्रजीच ठेवतात. मुलाला पुढे नोकरीत इंग्रजी पडदाच दिसणार आहे, हे त्यामागचे कारण. मला हे आधी टोचले. मग आमच्या भागातल्या पोरांकडे पाहिले. बारावीपर्यंत मराठीत किंवा उर्दूत शिकलेला मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी व्याख्यानात कसा बसतो, ते मी पाहिलेले आहे. त्याला समजावणारा आवाज आपल्या भाषेतला मिळाला, तर पडद्यावरची अक्षरे तो ओळखू लागतो. तरीही मराठी पडदा हवाच, हे माझे म्हणणे कायम आहे.

मराठी पडद्याचे काम करणारेही आपल्याकडे होऊन गेले. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत व्हीजेटीआयचे प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या 'इंडिकट्रान्स' गटाने लिनक्सचे मराठीकरण केले आणि 'गार्गी' नावाचा मुक्त फॉण्ट काढला. सुलेखनकार र. कृ. जोशी, जे स्वतः कवी होते, त्यांचा 'रघु' फॉण्टही मुक्त परवान्याने लोकांना मिळाला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे फॉण्ट खुले केले. त्यांचे बरेचसे पुढचे काम पुण्यात झाले. जोशी सर २००८ मध्ये गेले. मायक्रोसॉफ्टचा 'मंगल' फॉण्ट त्यांचाच. तुम्ही आम्ही रोज त्यांचे अक्षर वाचतो आणि नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आता घरातली गोष्ट.

२००१ मध्ये माझा पहिला कवितासंग्रह निघाला. एकसष्ट कविता. पाचशे प्रती. त्या केव्हाच संपल्या, प्रकाशन बंद पडले, माझ्याकडची शेवटची प्रत कुणीतरी वाचायला नेली ती नेली. उरली होती ती अक्षरजुळणीच्या दुकानातली फाइल, पुढे सीडीवर उतरवून घेतलेली. ती उघडली की पडद्यावर दिसायचे इंग्रजी अक्षरे, डॉलरची खूण, टोप्या घातलेले ए आणि ओ. कारण त्या काळचे मराठी फॉण्ट म्हणजे एक सोंग होते. आत इंग्रजीचे आकडे, वरून मराठीचा मुखवटा. तो विशिष्ट फॉण्ट गेला की मुखवटा गळून पडतो. आज आपण मोबाइलवर जी मराठी लिहितो ती युनिकोडची. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. जुन्या फॉण्टमधले नव्यात आणायचे तर रूपांतर करणारा प्रोग्राम लागतो. असे प्रोग्राम आहेत, पण माझ्या कवितांचा फॉण्ट त्यांपैकी एकालाही धड वाचता येईना.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती असाच रूपांतराचा एक लहानसा मुक्त प्रकल्प शोधून आली. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "मामू, तुमकू मराठी आती ना? तो मेरेकू शब्द देव." आम्ही घरी दखनी बोलतो, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

झाले होते असे. त्या प्रकल्पाची देखरेख करणारा माणूस पोर्तुगालमधला. दिवसा नोकरी, रात्री हे काम, बिनपैशाचे. त्याला देवनागरीचे एक अक्षरही येत नव्हते. भाचीने पहिली दुरुस्ती करून पाठवली होती. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, कारण तोंडाने आपण ती नंतर उच्चारतो. तेव्हा वेलांटी उचलून एक घर पुढे ठेवायची, असा तिने प्रोग्राम लिहिला. 'किती' बरोबर आले, 'दिवस' बरोबर आला. पोरगी खूश. मार्गदर्शकाने एकच प्रश्न विचारला : तुमच्या भाषेत दोन अक्षरे चिकटतात का? चिकटत असली तर वेलांटी कुठे जाईल? तिने 'स्थिती' हा शब्द घालून पाहिला आणि 'स्थ'चे दोन तुकडे होऊन मध्ये वेलांटी अडकलेली निघाली. त्याला उत्तर माहीत नव्हते. पण कुठे बोट ठेवायचे ते माहीत होते. मग त्याने सांगितले की सुधारणा नंतर कर, आधी तुझ्या भाषेतले सगळ्यांत अवघड शब्द गोळा कर. प्रोग्राम त्यांच्यावर रोज चालवू.

त्या शब्दांसाठी ती माझ्याकडे आली होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघे चहावर चहा घेत बसलो. मी 'धर्मिष्ठ' दिला, त्यात रफारही आहे आणि वेलांटीही. 'वाङ्मय' दिला. 'राष्ट्र', 'उर्वरित', 'ऱ्हास'. संस्कृतातला 'कार्त्स्न्य' दिला, ज्यात पाच व्यंजने एकमेकांच्या खांद्यावर बसली आहेत. तो ऐकून ती हसायला लागली. 'ॲ' दिला, जो मराठीला रोज लागतो आणि ज्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडावे लागले. आणि शेवटी ती जोडी दिली, जी शाळेत आम्हाला गुरुजींनी शिकवली होती : आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एकात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. तशीच दुसरी जोडी, दर्या आणि दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या आमच्या बालाघाटाच्या डोंगरातल्या. हा जो आडवा, पापणीसारखा अर्धा र आहे तो मराठीचा खास. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले बरेच प्रोग्राम त्याचा सरळ रफार करून टाकतात. माझ्या कवितांत नेमके हेच होत होते. बालाघाटाच्या साऱ्या दऱ्यांचा समुद्र झाला होता. बीडला समुद्र मिळाला, याचा एरवी मला आनंदच झाला असता. इथे प्यायच्या पाण्याची मारामार असते.

चाळीस शब्दांची ती यादी तिने प्रत्येक शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहून पाठवली. मार्गदर्शकाने गुरू आणि स्वयंपाकी यांची गोष्ट वाचून लिहिले की आपल्याला आता झोप येणार नाही. मग त्याने तिची दुरुस्ती परत पाठवली. पुन्हा परत पाठवली. कधी म्हणे, या पाच ओळींचे काम दोन ओळींत होईल. कधी म्हणे, काम बरोबर आहे पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला हे वाचून कळेल का? अकराव्या खेपेला ती स्वीकारली गेली.

या सगळ्यात घरात एक वेगळेच प्रकरण उभे राहिले. पोर्तुगालची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. माझे मेहुणे टेलर आहेत, दुकान सांभाळून असणारा साधा माणूस. मुलगी रात्री दोन वाजता दिवा लावून कुणा परक्या पुरुषाशी लिहीत बसते, हे त्यांना कसे रुचावे? बहिणीने मला निरोप धाडला. घरात लग्नाचा विषयही त्याच सुमारास निघाला होता. मी काही भाषण द्यायला गेलो नाही. मी मेहुण्यांना शेजारी बसवले आणि भाचीला म्हटले, दाखव. मुक्त सॉफ्टवेअरमधला हा सारा पत्रव्यवहार उघड्यावर असतो. कोण काय म्हणाले, कुणी काय दुरुस्त केले, जगातला कुणीही वाचू शकतो. गालिबची इस्लाह तफ्तांच्या लिफाफ्यात बंद होती, ही भर चौकात आहे. मी एकेक उत्तर दखनीत सांगत गेलो आणि मेहुणे ऐकत गेले. चौथ्या-पाचव्या उत्तराला ते म्हणाले, "इने तो उधेड के फिर से सिलो बोलता." उसवून पुन्हा शिव म्हणतोय. मी म्हटले, हो. त्यांनी विचारले, कापड खराब झाले म्हणून रागावतो का? नाही रागावत. पैसे घेतो का? नाही. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले की आपण दुकानातल्या पोराला शिकवताना इतके सबुरीने घेत नाही. लग्नाचा विषय त्या दिवसापुरता मिटला असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे तो मिटत नसतो, पुढे ढकलला जातो. पण रात्रीचा दिवा चालू राहिला.

चौकातल्या इस्लाहची दुसरी बाजूही आहे. भाचीने पुढच्या वर्षी एका उन्हाळी कार्यक्रमासाठी अर्ज केला, नाव लागले नाही. चार दिवस जेवली नाही. आपली चूक सगळ्या जगाला दिसते याची धास्ती मुलींना जास्त वाटते, आमच्यासारख्या गावांतल्या मुलींना तर फारच. इंग्रजी वाक्य चुकेल म्हणून ती एकेका निरोपाला अर्धा तास घेत असे. पोर्तुगालच्या माणसाचे इंग्रजीही यथातथाच आहे, हे कळल्यावर तिची भीड चेपली. काम तिने सोडले नाही. मानधनासाठी येणारी बरीच मुले हप्ता मिळाला की पुन्हा दिसत नाहीत, अशी या क्षेत्रातल्या जाणत्यांची जुनी तक्रार आहे. आणि मानधनही लांबची गोष्ट झाली. २०२० च्या ऑक्टोबरात तर एका टी-शर्टापायी गोंधळ झाला. चार दुरुस्त्या पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी एका कंपनीची योजना होती. मुलांनी कुठे स्वल्पविराम टाक, कुठे 'छान प्रकल्प' एवढेच शब्द घाल, असा ढीग लावला की देखरेख करणारे रडकुंडीला आले. त्यात आपल्या देशातल्या मुलांचा वाटा मोठा होता, हे कबूल केले पाहिजे. अखेर योजनेचे नियम बदलावे लागले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या दुरुस्त्यांचा नवा ढीग येतो आहे. पाठवणाऱ्याने स्वतः वाचलेली नसते, तपासणाऱ्याने मात्र वाचायची. शागिर्दाने गझल दुसऱ्याकडून लिहून आणायची आणि उस्तादाने रात्र जागवायची, असा हा न्याय.

इथे मला नेहमी पैठणच्या एकनाथ महाराजांची आठवण येते. गोदावरीच्या पलीकडे पैठण, अलीकडे आम्ही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलून नकलून पाठभेद शिरले होते. नाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावले की यात आता कुणी आपली ओवी घालू नये. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची नाथांशी निम्मी सोयरीक आहे. ताडून पाहणे, पाठ निश्चित करणे, जबाबदारी घेणे हे तेच. फक्त शेवटची ओळ ते उलटी लिहितात : घाला तुमची ओवी, आम्ही तपासू. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत असे मला वाटते. ज्ञानेश्वरीत कुणी भर घालावी असे मला कवी म्हणून अजिबात वाटत नाही.

आता भाची शेवटच्या वर्षाला आहे आणि एका मुलाचे काम ती तपासते. अशा प्रकल्पांत एक चांगली पद्धत असते. काही सोपी कामे नवख्यांसाठी म्हणून खूण करून राखून ठेवतात. जाणत्याला ती पाच मिनिटांत करता येतील, पण त्याने करायची नाहीत. तसे एक काम या मुलाने उचलले : दुसऱ्या एका जुन्या फॉण्टचा तक्ता, कोणत्या आकड्याला कोणते मराठी अक्षर. मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळी निघते, ती उन्हाळ्यातच परतते. हा वसतिगृहात राहतो. लॅपटॉप नाही, कॉलेजच्या संगणकावर आणि उरलेला वेळ मोबाइलवर काम. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. इंटरनेट तिच्या कितीतरी आधी येऊन बसले होते, एवढे या बाबतीत आमचे नशीब.

त्याला पुढच्या उन्हाळ्यात अर्ज करायचा आहे. त्याने फोनवर वडिलांना समजावून सांगितले. ते सांगली भागातल्या एका कारखान्यावर कोपीत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, उचल किती देतात? मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मग ती फेडेस्तोवर ऊस तोडायचा, एवढाच हिशेब त्यांना आयुष्यभर माहीत. मुलगा म्हणाला, उचल नसते, आधी काम, ते पसंत पडले की पैसे. यावर बाप म्हणाला, मग नाही जमले तर अंगावर काही फिटायचे राहत नाही ना? नाही. मग कर, म्हणाला.

भाचीने त्या मुलाचा तक्ता पहिल्या खेपेला परत पाठवला. त्यात काय लिहिले ते मी वाचले, उघड्यावरच आहे. तिने चूक दुरुस्त करून दिलेली नाही. एवढेच विचारले आहे : 'आचाऱ्यांना' हा शब्द घालून पाहिलास का?

माझ्या कवितांचे सांगायचे राहिले. एकसष्टच्या एकसष्ट परत मिळाल्या. दऱ्यांच्या दऱ्या झाल्या, समुद्र आटला. एका ठिकाणी मात्र घोळ आहे. मांजरसुंब्याच्या घाटात पावसाळ्यात धुके उतरते, त्यावरची कविता. तिच्या शेवटच्या ओळीत तो शब्द एकटाच उभा आहे, पुढेमागे क्रियापद नाही, आणि फाइलमध्ये तो 'दर्या' असाच आहे, रफाराने. अक्षरजुळणी करणाऱ्याने तसा छापला की मीच तसा लिहिला होता, हे चोवीस-पंचवीस वर्षांनी कसे सांगणार? हस्तलिखित राहिलेले नाही. धुक्याने भरलेल्या दऱ्या म्हटले तरी अर्थ लागतो, धुक्याचा दर्या म्हटले तरी लागतो. प्रोग्रामने इथे काय करावे, असे भाचीने पोर्तुगालला विचारले. तिकडून उत्तर आले की प्रोग्रामने काहीही करू नये, फाइलमध्ये आहे ते तसेच ठेवावे आणि कवीला विचारावे.

भाचीचे मत दऱ्यांच्या बाजूने आहे. मेहुण्यांना दर्या आवडतो. नव्या आवृत्तीची मुद्रिते पुढच्या महिन्यात तपासून द्यायची आहेत. त्याआधी पाऊस पडला तर एकदा घाटात जाऊन उभे राहावे म्हणतो.